धूर दिसू द्या

मुठीत मावेल एवढं इंजिन आहे मी. सध्या मुक्काम स्वयंपाकघराच्या खिडकीत, लसणाच्या टोपलीशेजारी. मला खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचं इंजिन म्हणू नका, हेमाताई रागावतात. "मॉडेल म्हणा," असं त्या मंडईतल्या भाजीवाल्यालाही बजावतात.

हेमाताई शाळेत विज्ञान शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर मैत्रिणींनी भजनी मंडळ काढलं, यांनी मला घरी आणलं. हेलिकॉप्टर एकदा तरी आपल्या हाताने हवेत स्थिर उभं करायचं, एवढीच त्यांची इच्छा. त्यासाठी आधी कॉम्प्युटरवर सराव करून त्यांनी असंख्य खोटी हेलिकॉप्टरं पाडली.

माझं थोडं वेगळं आहे. मला पेट्रोल चालत नाही. माझं इंधन गुलाबी असतं. त्यात मिथेनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि तेल. हे तेल वेगळं घालायची सोय माझ्यात नाही, इंधनाबरोबर येईल तेवढंच माझ्या अंगाला लागतं. ठिणगीचीही गरज नाही. डोक्यावरच्या प्लगमधली बारीक तार बॅटरीने तापवायची, मग सुरू झालो की ती माझ्याच उष्णतेने लाल राहते. इंधन किती यायचं ते एक सुई ठरवते. आत फिरवली की कमी, बाहेर काढली की जास्त. नव्या इंजिनाला सढळ हाताने पाजायचं असतं. मग धूर निघतो, तेल ठिबकतं आणि आम्ही सुखात असतो.

लोणी काळभोरच्या पुढे एका मोकळ्या माळावर रविवारी सकाळी हौशी मंडळी जमायची. हिंजवडीत नोकरी करणारा अभिनव नवख्यांना शिकवायचा. "काकू, रिच ठेवा, फ्युएल जास्तच जाऊ द्या. स्मोक दिसतोय म्हणजे ऑइल पोचतंय. स्मोक गेला की लगेच बंद करायचं." हेमाताईंनी सुई तशीच लावली.

सोबत त्यांचे यजमान असायचे, श्यामसुंदरराव. उभी हयात पाणीपुरवठ्यात गेलेली. गळता नळ दिसला, मग तो कुणाच्याही घरातला असो, की यांचा हात पुढे. सिग्नलला स्कूटर बंद करणारा माणूस. माझा धूर त्यांना बघवेना.

"अगं, अर्धं तेल हवेतच चाललंय!"

"जाऊ द्या. ते जायलाच हवं."

एका रविवारी हेमाताई टोपी आणायला गाडीकडे गेल्या. श्यामसुंदररावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सुई आत फिरवली. नळ बंद करावा तितक्या सहज. त्यात वाईट हेतू नव्हता, हे मी शपथेवर सांगेन.

मी सुरू झालो. आवाज एकदम खणखणीत, धूर नाहीसा. अभिनव दुसऱ्या कुणाचं तरी मॉडेल तपासत होता. हेमाताईंनी रिमोटने आम्हाला जमिनीवरून उचललं आणि हेलिकॉप्टर कमरेएवढ्या उंचीवर क्षणभर अगदी स्थिर राहिलं. त्यांचे डोळे पात्यांवर खिळलेले, धुराकडे लक्ष जाणार कसं? तेवढ्यात तेलाविना माझा पिस्टन घासू लागला. आवाज उतरला, मी जागच्या जागी अडकलो आणि आम्ही गवतात आपटलो.

"काकू, लीन झालं, फ्युएल कमी पडलं. सुई फार आत आहे," अभिनव म्हणाला.

"सुई मीच लावली होती," हेमाताई म्हणाल्या.

श्यामसुंदरराव तुटलेल्या पात्याचे तुकडे गोळा करत राहिले.

घरी हेमाताईंनी मला उघडलं. सिलिंडरवरचे ओरखडे पाहिले आणि हलकेच म्हणाल्या, "हाताला अंदाजच राहिला नाही हो. वय झालं माझं. विकून टाकू सगळं." माझं काय व्हायचं ते झालं होतं. पण त्यांचं ते बोलणं ऐकून मला खरोखर वाईट वाटलं. खरं काय ते मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं. ज्यांना होतं ते "हं" म्हणून पेपर वाचत बसले.

गिऱ्हाईक ठरलं. ते येणार होतं त्या सकाळी हेमाताई हेलिकॉप्टर पुसत होत्या, श्यामसुंदरराव मेथी निवडत होते. निवडलेली पानं ते देठांत टाकायला लागले.

"हेमा, सुई मी फिरवली होती."

"कधी?"

"तू टोपी आणायला गेलीस तेव्हा. धूर फार वाटला मला."

हेमाताईंनी फडकं खाली ठेवलं. "आणि इतके दिवस मला म्हातारी होऊ दिलीत?"

गिऱ्हाइकाला फोन करून नको म्हणून सांगायचं काम श्यामसुंदररावांकडेच आलं.

आता हेलिकॉप्टरात माझ्या जागी दुसरं इंजिन आहे. मी काही पुन्हा फिरणार नाही, त्याबद्दल तक्रार नाही. तुमच्या हाती आमच्यापैकी कुणी आलंच, तर खेळ संपल्यावर टाकी रिकामी करा, इंधनाच्या डब्याचं झाकण घट्ट लावा, आणि धूर दिसला तर दिसू द्या.

काल दोघं माळावरून परतले तेव्हा श्यामसुंदररावांचा पांढरा शर्ट तेलाच्या ठिपक्यांनी भरला होता. त्या वासाने मला माझे दिवस आठवले. हेमाताई गुणगुणत चहाला लागल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उभं राहिलं रे. चांगलं उभं राहिलं."

आणि मागे न वळता विचारलं, "अहो, तेव्हा हात कुठे होते तुमचे?"

"पाठीमागे," श्यामसुंदरराव म्हणाले. "अभिनवला धरून ठेवायला सांगितलं होतं."