चार वाजताची टेकडी

सावल्याच्या खोलीला एक दार होतं आणि चार राखाडी भिंती. एकेकाळी खिडकीही होती. ती त्यानेच मालकांच्या मागे लागून विटांनी बुजवून घेतली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून चांगलं अजून कुणाला साधलेलं नाही.

मालकांचा धंदा खिडक्यांचा. म्हणजे खऱ्या नव्हेत. तळघरातली हॉटेलं, आतल्या अंगाचे दवाखाने, जिथे भिंतीपलीकडे नुसती भिंतच, तिथे ते खिडकी लावून देत. लाकडी चौकट, काच, काचेमागे डोंगराचा नाहीतर तळ्याचा फोटो आणि फोटोमागे दिवा. फोटो तयार करायचा सावल्या. ट्रायपॉड न हलवता एकाच जागेवरून तीन फोटो घ्यायचे. एक काळपट, म्हणजे ढग नीट येतात. एक मध्यम. एक भगभगीत, म्हणजे झाडाखालचा काळोख उजळतो. मग तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक बसवून प्रत्येकातलं चांगलं तेवढं उचलायचं. हे कुणीही करतं. बहुतेकांचा डोंगर मग लग्नातल्या करवलीसारखा नटलेला दिसतो, कडेने पांढरी झालर, ढग असे की आत्ता गिळतील. सावल्याचं तसं नव्हतं. आकाश जमिनीहून उजळच ठेवायचा, भडकपणाचा स्लायडर अर्ध्यावरून मागे आणायचा, आणि झाडाखाली मूठभर अंधार मुद्दाम सोडायचा. "डोळ्याला जे दिसत नाही ते फोटोला कशाला दिसायला पाहिजे?" असं म्हणायचा. म्हणून तर सावल्या हे नाव पडलं.

खिडकीचं असं झालं की दुपारी खोलीत ऊन शिरायचं आणि स्क्रीनवरचे रंग त्याला फसवायचे. एकदा एका दवाखान्यासाठी केलेले सगळे डोंगर कावीळ झाल्यासारखे पिवळे निघाले. तेव्हा सावल्या म्हणाला, खिडकी बुजवा, भिंती राखाडी करा, मग बघा. मालकांनी बुजवली, आणि बघितलंही. त्याच्या खिडक्या इतक्या खऱ्या दिसू लागल्या, की दाताच्या डॉक्टरांकडचा एक पेशंट सुई बघून खुर्चीतून उठला आणि खिडकीतून पळायला गेला. दात राहिला, टेंगूळ आलं. हे ज्याला खोटं वाटत असेल त्याने टेंगूळ बघून यावं.

नाव झालं, काम वाढलं, आणि सावल्या आत बसला तो बसलाच. सकाळी अंधारलेलं असताना आत, बाहेर येईतो पुन्हा अंधारलेलं. "अहो, कोठीतल्या बटाट्याला फुटतात तसे कोंब फुटतील तुम्हाला," बायको म्हणाली. त्याने आरशात बघितलं. कानामागे अजून काही नव्हतं, पण भरवसा वाटेना.

शेवटी तो मालकांसमोर उभा राहिला.

"मालक, माझी खिडकी परत फोडून द्या."

"अरे, तूच तर बुजवायला लावलीस."

"चुकलो. पडदा लावीन. पण खिडकी पाहिजे."

मालकांनी चष्मा पुसला. नाही म्हणायच्या आधी ते नेहमी चष्मा पुसत. "असं करू. एवढी खरी खिडकी करतोस ना? मला फसवून दाखव. मी फसलो तर त्याच दिवशी भिंत फोडतो. शब्द आहे माझा."

सावल्याला वाटलं, सुटलो.

मालकांच्या केबिनच्या खिडकीतून मागची टेकडी दिसे, तिच्यावर एक वाकडं झाड आणि चढणीची पायवाट. सावल्याची बुजवलेली खिडकीही त्याच टेकडीकडे बघायची. सुट्टीच्या दिवशी दुपारी चारला त्याने केबिनमधूनच तीन फोटो घेतले. पायवाटेवरून एक माणूस चढत होता. तो काही तीन फोटोंपुरता थांबला नाही, त्यामुळे फोटो एकावर एक बसवल्यावर तीन धूसर माणसं एकामागून एक चढताना दिसू लागली. सावल्याने दोन पुसली, मधला ठेवला. झाडाखालचा अंधार ठेवला. काचेवरचा एक डागही ठेवला. मग चौकटी बनवणाऱ्या काकांनी भल्या सकाळी मालकांच्या खऱ्या खिडकीवर ही खोटी खिडकी अशी बसवली की केसही जाऊ नये.

मालक आले, बसले. मधूनच खिडकीकडे बघत आणि पुन्हा कागदात डोकं घालत. उन्हावरून वेळ ओळखायची त्यांची जुनी सवय. सगळे घरी गेले तरी मालकांचे चारच वाजलेले. घरून फोन आला, "आज येणार आहात की तिथेच अंथरूण पाठवू?" तेव्हा त्यांनी खिडकी उघडायला हात घातला आणि नख मोडलं.

दुसऱ्या दिवशी ते बोटाला पट्टी बांधून सावल्याच्या खोलीत आले. मागे काका, हातात ड्रिल.

"जिंकलास," मालक म्हणाले. "इतकं काम माझ्या हातून उभ्या जन्मात झालं नव्हतं. काका, लावा."

"म्हणजे फोडा ना?" सावल्या म्हणाला.

"फोडायची कशाला आता? तुझीच ती खिडकी इथे लावू. मी फसलो तिथे तुला काय कमी पडणार? आणि रंगही बिघडायचे नाहीत. तूच म्हणाला होतास."

फोटो वाईट आहे म्हणावं तर स्वतःच्याच हाताला खोटं पाडायचं. चांगला आहे म्हणावं तर भिंत तशीच. दुधाची तहान ताकावर भागवायची, आणि ताकही आपणच घुसळलेलं. काकांनी मान खाली घालून भोकं पाडली, खोटी खिडकी बसवली. बायको बघायला आली तर तीही म्हणाली, "छान उजेड आला हो."

आता खोलीत कायमचे चार. झाडाची सावली सरकेना. पायवाटेवरचा माणूस एक पाय उचलून तसाच. "तू तरी पोच रे बाबा," सावल्या त्याला म्हणायचा, आणि मग आठवायचं, की पुढचा आपणच पुसला.

एका दुपारी डबा खाताना डोळे चुरचुरले म्हणून त्याने स्क्रीन मालवला, खोलीतला दिवा मालवला, टेकडीमागचाही मालवला. कोठीसारखा काळोख. जरा वेळाने समोरच्या राखाडी भिंतीवर काहीतरी हललं. जमीन वर होती, आकाश खाली. मध्ये वाकडं झाड डोक्यावर उभं, आणि त्याची पानं हलत होती.

सावल्याने मागे वळून बघितलं. चौकटीच्या वर, पेन्सिल जाईल एवढं भोक. काकांचं माप चुकलं होतं, आणि बुजवलेली भिंत एकाच विटेची. तेवढ्यातून बाहेरची टेकडी आत आली होती, अंधाऱ्या खोलीत बारीक भोकातून आलेलं चित्र पडतं तशी, उलटी. अंधुक होती, कडा विरलेल्या. पण ढग झाडावर आला की भिंत विझायची, आणि गेला की पेटायची. झाडाखालचा अंधार सावल्याने सोडला होता त्याहून कितीतरी जास्त होता. पायवाटेवरून कुणीतरी डोकं खाली करून चाललं होतं. चालत चालत ते भिंतीच्या कडेला पोचलं आणि दिसेनासं झालं. सावल्याचा घास हातातच राहिला.

दार उघडलं. "अंधारात काय बसलास?" मालक. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. त्यांनी मान वाकडी करून बघितलं, आणखी वाकडी करून बघितलं. "हे नवीन करतोयस होय? उलटं आहे. आणि खरं सांगू, नैसर्गिक वाटत नाही."

"ते बाहेरून येतंय, मालक. भोकातून."

"भोक?" मालकांनी दिवा लावला. टेकडी गेली. "उजेड येतो म्हणजे रंग बिघडणार. आजच्या आज बुजव."

सावल्या भोकं बुजवायची लांबी घेऊन स्टुलावर चढला. भोकावर अंगठा ठेवला, तर अंगठ्याला वारा लागला. तो तसाच उभा राहिला. मग खाली उतरला, लांबीचा डबा बंद केला आणि कॅमेरा आणला.

भोकाच्या बाजूच्या भिंतीचे त्याने तीन फोटो घेतले. काळपट, मध्यम, भगभगीत. भिंतीचा पापुद्रा होता तसा ठेवला, ब्रशचा एक केस रंगात अडकला होता तोही ठेवला, खालच्या कडेला नखाएवढी सावली सोडली. जाड कागदावर छापून तळहाताएवढा तुकडा कापला आणि वरच्या कडेने चिकटपट्टी लावून भोकावर टांगला.

संध्याकाळी मालक आले. चष्मा पुसून त्यांनी भिंत निरखली, स्टुलावर चढून वरून हातही फिरवला. "शाबास," म्हणाले. "भोक होतं कुठे ते कळतही नाही."

"नाही ना?" सावल्या म्हणाला.

दार बंद झालं. त्याने दिवे मालवले, चाचपडत स्टुलावर चढला आणि राखाडी भिंतीचा तो तुकडा वर उचलला. बाहेर अंधारायला लागलं होतं. समोर फार काही उमटलं नाही. पण चार वाजून गेले होते, एवढं मात्र कळलं.