‘पुढे?’ विचारणारा

शाळा सोडल्याला आठ महिने झाले. बाबा माझ्याशी बोलत नाहीत त्यालाही आठच. चष्म्याच्या दुकानात दिवसभर शेजारी-शेजारी बसतो. ते काचा घासतात, मी फ्रेममध्ये बसवते. काही सांगायचं असलं की चिठ्ठी सरकवतात. ‘उजवी काच सैल.’ बास. घरी आई आमच्या दोघांमधलं टपाल वाटते.

“बाबा म्हणतायत, स्क्रू संपत आलेत.”

“त्यांना तोंड आहे ना?”

“आहे. तुझ्यासारखंच. तीच तर पंचाईत.”

मधल्या वेळात मी बाबांच्या शेजारीच बसून फोनवर फॅनफिक्शन लिहिते, म्हणजे दुसऱ्याच्या गोष्टीचं माझं पुढचं. दीपगृहाच्या पहारेकऱ्याची एक जुनी मालिका होती, शेवटी तो बुडतो. मला पटलं नाही. माझ्या गोष्टीत तो बावीस भाग झाले तरी जिवंत आहे. साइटवर तीसेक जण वाचतात. आम्ही फुकट लिहितो, ते फुकट वाचतात, म्हणून रीत पाळायची असते. न विचारता चुका काढायच्या नाहीत. कोणी मरणार असेल तर वरतीच सांगून टाकायचं. आवडलं तर काय आवडलं ते लिहायचं. आणि ‘पुढे?’ असं कधीच विचारायचं नाही. आम्ही काय वेटर आहोत?

एक जण मात्र प्रत्येक भागाखाली तेच लिहायचा. नाव ‘उणे पावणेतीन’. चष्म्याचा नंबर, म्हणजे चष्मा लावणारा असणार एवढं कळलं होतं, पण पावणेतीनचे ढिगाने असतात. भाग टाकला की तासाभरात: ‘वाचले. पुढे?’ एकदा तर म्हणे, ‘हा माणूस जेवतो कधी?’

एकोणिसावा भाग टाकला त्या दिवशी एका गिऱ्हाइकाने बाबांना विचारलं, “ही शाळेत नाही जात?”

“तिलाच विचारा,” बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मग बाबा चहाला बाहेर गेले, आणि थोड्या वेळाने माझा फोन वाजला. ‘वाचले. पुढे?’ डोकं सटकलं. सगळ्यांना दिसेल असं खाली लिहिलं: ‘ओ पावणेतीन, गोष्ट म्हणजे नळ नाही, सोडला की यायला. बोलायची अक्कल नसेल तर गप्प वाचा.’ वर रीतींची अख्खी यादी चिकटवली. पंचवीस लाइकचे बदाम पडले.

साइटवरची मैत्रीण, तिला सगळे घुबड म्हणतात, तिने लगेच मेसेज केला. “बाई गं, सोललंस की त्याला.”

“सोलायलाच पाहिजे होता.”

“नवखा असेल बिचारा. कोणाचा तरी काका-बिका.”

“काका असू दे नाहीतर आजोबा.”

त्याचं उत्तर आलं. ‘माफ करा. माहीत नव्हते.’ विसाव्या भागाखाली तो आला नाही. एकविसाव्याखालीही नाही.

मग परवा बाबांच्या चष्म्यावर स्टूल पडलं. आजवर स्वतःचा चष्मा ते स्वतःच करायचे, पण काचा बसवायचं काम आता माझं. त्यांनी फ्रेम, नव्या काचा आणि चिठ्ठी माझ्याकडे सरकवली आणि हात धुवायला मागे गेले.

‘माझ्या काचा. दोन्ही उणे पावणेतीन.’

त्यांचा फोन तिथेच चार्जिंगला लावलेला होता. पडद्यावर माझा एकविसावा भाग. खाली प्रतिक्रियेच्या चौकोनात ‘वाचले.’ एवढंच लिहिलेलं, न पाठवलेलं. पुढे काय लिहायचं ते सुचलं नसावं.

मी काच उचलली. बसवली. स्क्रू पिळला. दुसरी उचलली. ते परत आले, चष्मा घातला, मान हलवली.

आज दुपारी बाविसावा भाग टाकला. सगळा भाग पहारेकरी नुसता बसून जेवतो. वर टीप लिहिली: ‘इथे “पुढे?” विचारलेलं चालेल.’

घुबडाचा लगेच मेसेज. “ताप आलाय का तुला? रीत तूच शिकवलीस ना?”

शेजारी बाबांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी मशीन बंद केली, चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाजवळ धरला. बराच वेळ वाचत होते. मी साइट उघडून बसले. काही आलं नाही. त्यांनी फोन खिशात टाकला, मशीन सुरू केली.

थोड्या वेळाने एका फ्रेमबरोबर चिठ्ठी सरकली.

‘उजवी काच सैल. जेवला ते बरे झाले.’

रडू येईल असं वाटलं. आलं नाही. उजवी काच खरंच सैल होती. मी स्क्रू घट्ट केला.