भय्याजी कोणत्या बाजूनं उभे राहिले

आसगावच्या ग्रामपंचायतीत रंभाबाई ही एकटीच बाई, आणि सदस्य म्हणून तिला कुणी फारसं मोजत नसे. पण ऐंशीच्या विधानसभा निवडणुकीत उमेदवार भय्याजींना गाव मिळवून दिलं ते तिनंच. प्रचारासाठी तिनं घरोघरून पायली-पायली धान गोळा केलं. 'शेतीच्या मोटारीला दिवसा आठ तास लाइन' हा भय्याजींचा शब्द. पण गावानं तो ऐकला रंभाबाईच्या तोंडून.

भय्याजी आमदार झाले. लाइन मात्र अपरात्रीच येत राहिली, तीही धड टिकेना. दोन वर्षं उन्हाळी धान भरल्या विहिरीशेजारी वाळलं. भय्याजी मुंबईला असत, म्हणून लोकांची बोलणी रंभाबाईनं खाल्ली.

त्र्याऐंशीच्या डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरलं. रंभाबाई नवऱ्याला, इश्वरला, घेऊन गेली. भय्याजींनी हसून गॅलरीचे पास दिले. त्या दिवशी कोणता ठराव येणार, हे त्यांच्या ध्यानात नसावं.

ठराव विरोधी पक्षाच्या एका सदस्याचा होता. विजेची टंचाई पडली तर आधी कारखान्यांची वीज कापावी, शेतीच्या मोटारींची नाही. रंभाबाई कठड्याला धरून पुढे वाकली. आवाजी मतदानानं भागेना, तेव्हा सदस्यांना उभं करून मोजणी झाली. ठरावाच्या बाजूनं सगळे विरोधक उभे राहिले, आणि भय्याजींच्याच पक्षाचे दोघे. भय्याजी बसून होते. 'विरुद्ध असतील त्यांनी उभं राहावं' म्हटल्याबरोबर ते उठले, धोतर सारखं केलं आणि ताठ उभे राहिले. ठराव पडला.

बाहेर पायऱ्यांवर तिनं त्यांना गाठलं.

"भय्याजी, तुमी आमच्या इरोधात काहून उभे रायले?"

"पक्षाचा आदेश होता, रंभाबाई."

"मंग ते दोघं कसे उभे रायले?"

भय्याजींनी इकडेतिकडे पाहिलं. "प्रचारात चार जीपा महिनाभर फिरल्या. तेल कोन टाकत होता? लोखंडाच्या कारखान्याचा शेट. तुमच्या धानात एक जीप तरी फिरली असती का? समजून घ्या जरा."

"धान कमी पडते, हे मांगतानाच सांगाचं होतं," ती म्हणाली. पण तोवर ते गाडीकडे निघाले होते.

गावात आल्यावर चावडीपुढं माणसं जमवून तिनं पाहिलं तसं सांगितलं. कुणाला राग येईल असं तिला वाटलं होतं. सरपंच केशवराव म्हणाले, "बाई, इधानसभेतलं तुले काय समजते? कोनी उभा रायते, कोनी बसते."

"मोजत होते, भाऊ. मी डोळ्यानं पाह्यलं."

"आमदाराशी बिघडवून गावाले काय भेटन?"

दोन-चार माणसं हसली. रंभाबाईला त्या हसण्याचा भय्याजींपेक्षा जास्त संताप आला. तरी पुढची सव्वा वर्षं, ज्या ज्या घरून धान आणलं होतं, त्या प्रत्येक घरी ती पुन्हा गेली आणि तेच सांगत राहिली. काहींनी चहा दिला, काहींनी आतूनच 'घरी नाही' म्हणून सांगायला लावलं.

पंच्याऐंशीत भय्याजी पुन्हा उभे राहिले. या वेळी जीपा सात होत्या. आसगावच्या सभेत रंभाबाईनं उठून विचारलं, "विजेच्या ठरावाले तुमी कोन्या बाजूनं उभे होते?"

"मी विकासाच्या बाजूनं उभा होतो," भय्याजी माइकवरून म्हणाले. टाळ्या पडल्या. तिचा दुसरा प्रश्न लाउडस्पीकरच्या गाण्यात बुडाला.

आसगावात भय्याजी एकसष्ट मतांनी मागे पडले. बाकीच्या गावांनी ती तूट भरून काढली आणि ते आरामात निवडून आले.

निकाल ऐकून इश्वर म्हणाला, "आपल्या गावात तं पडला ना? एवढं बस झालं."

"बस नाई झालं," रंभाबाई म्हणाली. विळा घेऊन ती शेतातल्या धानाच्या बांधीकडे निघाली. उभं धान पाण्यावाचून पुन्हा पिवळं पडत होतं, आणि जनावरांपुरतं तरी ते कापून आणायला हवं होतं.