साध्या पाण्याचा पिंजरा

“मावशी, थांबा. त्याले नका पकडू, तो पाण्यातला आहे.”

शकुबाईच्या मुठीतून पांढऱ्या उंदराचं गुलाबी नाक तेवढं बाहेर आलं होतं. समोर ज्योत्स्ना सिरिंज धरून उभी. सिरिंजला पुढे वाकडी, बोथट सुई आणि आत सराट्याचा, म्हणजे गोखरूचा, तपकिरी काढा.

“पाण्यातला म्हंजे?”

“शेपटीवर पिवळा पट्टा आहे ना, ते पाण्याचे. त्यायले नुसतं पाणी पाजायचं. डोक्यावर पिवळं, ते काढ्याचे.”

“अन् ते चिमट्याचं?”

“ते दोघायचंही सारखंच.”

“म्हंजे मार दोघायलेही, अन् दवा एकालेच?”

“हो ना मावशी. नाहीतर कळंल कसं, दवा लागली का नाही ते?”

“बरं,” शकुबाई म्हणाली.

शकुबाईचं ‘बरं’ दोन प्रकारचं असायचं, एक पटल्याचं आणि एक नोकरीचं. हे नोकरीचं होतं.

फार्मसी कॉलेजच्या मागे, सायकल स्टँडच्या पलीकडे, उंदीरघर होतं. दारावर ‘ॲनिमल हाऊस’ असं लिहिलेलं होतं, पण त्या नावाने त्याला फक्त तपासणीला येणारे ओळखत. शकुबाईचा नवरा रूपराव तिथे कामाला होता. तो गेल्यावर त्याची जागा तिला मिळाली, पण कच्ची. पुढल्या साली कायम करू म्हणता म्हणता बरीच पुढली सालं निघून गेली, आणि यंदा मात्र खरंच करणार होते. पिपरी मेघेहून ती पायी यायची, पिंजऱ्यांतला भुसा बदलायची, बाटल्या घासायची, भिजवलेले हरभरे टाकायची. उन्हाळ्यात उंदरांना कुलर असायचा, शकुबाईच्या घरी नव्हता. याचा तिला राग नव्हता. ती आपला दुपारचा डबा उंदरांत बसून खायची, एवढंच.

त्याआधी, आंजीला असताना, तिचं नाव वेगळ्याच कामासाठी होतं. लग्न असो की तेरवी, वाढायला शकुबाई पाहिजे. तिच्या हातून पंगतीत कधी दुजाभाव झाला नाही. जावई असो की बँडवाला, वरण एकाच पळीने. एकदा एका मोठ्या घरच्या माणसाने पंगतीच्या मधेच जास्तीचं तूप मागितलं. शकुबाई हो म्हणाली, उरलेली सगळी रांग वाढून परत त्याच्यापाशी आली, आणि तोवर तूप संपलं होतं.

ज्योत्स्ना रोहण्याच्या मास्तरांची मुलगी, एम. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला. आपण काय करतोय ते मावशीला समजावून सांगणारी ती पहिलीच. नाहीतर पोरं यायची, उंदीर न्यायची, आणि शकुबाई रिकामे पिंजरे धुवायची.

“पाहा मावशी, किडनीची रक्ताची नळी चिमट्यानं बंद करायची. गुंगीत असतात ते, कळत नाही त्यायले. थोड्या वेळानं चिमटा काढायचा. माणसाचंही होते असं. मोठ्या ऑपरेशनात होते, खूप रक्त गेलं तर होते. किडनीले रक्त पुरत नाही.”

“मंग रक्त परत आलं की झालं ना बरं?”

“तेच तर नाही. परत येते तेव्हाच जास्त घात होतो.”

शकुबाई म्हणाली, “म्हंजे वावरातल्या मोटरसारखं. लाइन जाते तवा काई होत नाई. लाइन येते तवा जळते.”

“अगदी तसंच! अन् सराट्यानं ते जळणं वाचते का, ते पाहून राह्यली मी.”

दोन पिंजरे, एकेकात सहा. चिमट्याच्या दिवसापर्यंत पंधरवडाभर रोज काढा पाजायचा. ज्योत्स्ना काढा उकळायची, गाळायची, पाजायची, आणि उरलेला मोरीत ओतायला सांगून लायब्ररीत जायची.

पहिल्या दिवशी शकुबाईने तो ओतला. दुसऱ्या दिवशी भांडं हातात घेऊन ती मोरीपाशी उभी राहिली. वास सगळ्या खोलीत पसरला होता. दोन्ही पिंजऱ्यांतले उंदीर जाळीला पाय लावून उभे होते. एका रांगेला वाढलं होतं आणि दुसरी रांग नुसती पाहत होती. शकुबाईने पाण्यातल्यांची बाटली काढली, उरलेला काढा तिच्यात ओतला, कडू लागेल म्हणून डब्यातला गुळाचा खडा विरघळवला, आणि बाटली परत लावली. सकाळी ज्योत्स्ना यायच्या आत ती घासून, साधं पाणी भरून ठेवली. तसंच पंधरवडाभर.

मग चिमट्याचा दिवस आला. त्या दिवशी शकुबाई नेहमीप्रमाणे बाहेर ओट्यावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी रक्त काढून बाराही उंदीर संपवले गेले. तिने पिंजरे धुतले.

पुढच्या आठवड्यात ज्योत्स्नाचे गाईड काकडे सर, त्यांच्या केबिनमधून आवाज बाहेर येत होता. दार उघडंच होतं आणि शकुबाई पाण्याचा ग्लास घेऊन दारात थांबली होती.

“काढ्याचे ठीक आहेत, ते समजलं. पण पाण्यातल्यांच्या किडन्याही ठीक कशा? चिमटा लावलाय ना तू? त्या बिघडायलाच पाहिजेत.”

“सर, मी नीट लावला होता.”

“नीट लावला असता तर रक्त थांबलं असतं. रक्त थांबलंच नाही. हात कच्चा आहे तुझा. विषय बदल, कागदावर होईल असा काहीतरी घे.”

त्यानंतर ज्योत्स्ना रोज उंदीरघरात येऊन बसायची. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबवर चिमटा लावायची आणि एका टोकाने फुंकायची. हवा जायची नाही. सोडायची, पुन्हा लावायची, पुन्हा फुंकायची.

“बरोब्बर बसते हो मावशी,” ती म्हणाली. “ट्यूबवर बरोबर बसते. मंग तेव्हाच काऊन नसंल बसला? बाबा म्हणतच होते, तुले जमणार नाही हे चिरफाडीचं.”

तिच्या बोटांवर चिमट्याचे वळ उठले होते. शकुबाई हरभरे निवडत होती. निवडलेले आणि न निवडलेले तिने एकाच ताटात टाकले.

“चिमटा बसला होता,” ती म्हणाली.

“तुम्हाला काय माहीत?”

“पाण्यातल्यायले काढा देलता म्या.”

ज्योत्स्नाने ट्यूब खाली ठेवली.

“तू उरलेला फेक म्हणे, म्या त्यायच्या बाटलीत टाके. रोज. गूळ टाकून.”

“गूळ टाकून,” ज्योत्स्ना म्हणाली. तिला हसू आलं की रडू ते तिचं तिलाच कळलं नसावं. मग ती उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. “माझं वर्ष होतं ते, मावशी.”

“होय. चाल, सायबाले सांगू.”

“तुम्ही नका येऊ. यंदा तुमचं कायम व्हायचं आहे. मी सांगते, बाटल्यांची अदलाबदल झाली म्हणून.”

“कोनाच्या हातून?”

“माझ्या.”

“मंग पुन्हा तुहाच हात कच्चा ठरंल, पोरी,” शकुबाई म्हणाली आणि पदर खोचून पुढे निघाली.

काकडे सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“काऊन केलं असं, शकुबाई?”

“एका पंगतीत दोन वाढण्या नाई होत माह्यानं, साहेब.”

“पंगत नाही ती.”

“मले तशीच दिसते.”

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर शकुबाईला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, “तुम्हाला वाटलं, सहांना वाचवलं. दुसऱ्या दिवशी तेही गेलेच ना? ते बारा कशासाठी गेले ते कोणालाच कळलं नाही. आता मी प्राण्यांची परवानगी देणाऱ्या कमिटीकडे आणखी बारा मागणार. ते बारा तुमच्यामुळे.”

शकुबाईने नोकरी जाईल याची तयारी केली होती. वाटेत तिने मनात पिशवीही भरली होती, डबा, चपला, भिंतीवरचा रूपरावचा फोटो. आणखी बारांची तयारी तिने केली नव्हती.

“पुन्हा... तेच सगळं?”

“तेच सगळं. ज्योत्स्ना, हात तुझा चांगला आहे. मी बोललो ते विसर.” मग शकुबाईकडे न पाहता, “कायमचं यंदा राहू द्या. पुढच्या साली पाहू. दुसरं माणूस लावू का तिथे?”

“नाई साहेब,” शकुबाई म्हणाली. “माह्याच हातानं होऊ द्या.”

नवे उंदीर आले. शेपटीवर, डोक्यावर पिवळा रंग लागला. आता उरलेला काढा शकुबाई स्वतःहून, ज्योत्स्नाला दाखवून, मोरीत ओतायची. पाण्यातल्यांना सुईने पाणी पाजताना तीच त्यांना धरायची. पहिले काही दिवस ज्योत्स्ना सकाळी आल्या आल्या बाटली उजेडात धरून पाहायची. शकुबाई त्या वेळी मुद्दाम दुसरीकडे वळायची. नंतर ज्योत्स्नाने पाहणं सोडलं.

चिमट्याच्या दिवशी शकुबाई ओट्यावर गेली नाही. उंदराला ऊब राहावी म्हणून वर दिवा धरायचा होता, तो तिने धरला. चिमटा बसला तसं मूत्रपिंड फिकं, मातकट झालं. वेळ भरली, चिमटा निघाला, आणि रंग हळूहळू परत लाल होत गेला. दिसायला तर सगळं चांगलंच दिसत होतं. उंदीर पाण्यातला होता.

दुसऱ्या दिवशी आकड्यांची वाट पाहायची गरजच उरली नाही. काढ्याचे भुशात फिरत होते, एक तर जाळी चढत होता. पाण्यातले कोपऱ्यात एकमेकांना चिकटून, अंगावरचे केस पिंजारून बसले होते. दोन आडवेच होते.

“मावशी!” ज्योत्स्ना दारातच म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, “मावशी, फरक आला.”

“आला ना व माय. चांगलं झालं.”

“सरांना बोलावून आणते. मग रक्त काढू.”

“जाय. मी हाओ इथंच.”

ज्योत्स्ना पळतच गेली. शकुबाई पिंजऱ्यापाशी खाली बसली. आडव्या पडलेल्यांतला एक तिने तळहातावर घेतला. बाटलीपर्यंत जायचं बळ त्याच्यात नव्हतं. तिने बाटलीच्या नळीला बोट लावलं, बोटावर आलेला थेंब त्याच्या तोंडाशी नेला. त्याने तो चाटला. तिने दुसरा थेंब घेतला.

पाणी साधंच होतं. तेवढं द्यायला मनाई नव्हती.