गाडी मीच चालवत होते

ब्रेकबाईंनी शहरातल्या निम्म्या लोकांना गाडी शिकवली होती आणि त्यातल्या प्रत्येकाच्या गुडघ्यावर एकदा तरी फूटपट्टी मारली होती. अशा बाई भरदुपारी पिऊन गाडी चालवताना सापडल्या, त्याही छतावर शिकाऊ चालकाची पाटी असलेल्या आपल्याच शाळेच्या गाडीत. लोकांना हसायला आणखी काय हवं?

झालं ते असं. मोटार शाळावाल्यांचं जेवण होतं, बाईंनी दोन ग्लास बिअर घेतली. बरोबरची पुतणी थेंबालाही शिवली नव्हती, पण तिचं लायसन्स शिकाऊ. एवढ्या गर्दीत पोरीला झेपायचं नाही, असं म्हणून बाई स्वतःच स्टिअरिंगवर बसल्या. पुढच्याच चौकात पोलिसांनी मशीनमध्ये फुंकायला लावलं आणि आकडा मर्यादेच्या वर गेला.

आता त्या वकिलांच्या खोलीत बसल्या होत्या. एका बाजूला पुतणी, दुसऱ्या बाजूला तिचा बाप, म्हणजे बाईंचे दीर आणि शाळेत निम्म्या वाट्याचे भागीदार.

"गुन्हा कबूल केलात तर दंड," वकील म्हणाले. "लायसन्स सहा महिने बंद, शिकवायचा परवाना दोन वर्षं रद्द. पहिलीच वेळ आहे, तुरुंग बहुतेक टळेल. पण एक पळवाट आहे. स्टिअरिंगवर कोण होतं, ते हवालदारानं लिहिलेलंच नाही."

दिरांचा चेहरा उजळला. "मग पोरगी चालवत होती म्हणू! वहिनी नुसत्या शेजारी होत्या."

"भाऊजी, शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक असतो, तो कुणाचा? माझा," बाई म्हणाल्या. "शिकवणारा तिथे बसला की कायद्यानं चालक तोच. पहिल्याच दिवशी शिकवते मी हे. कधी वर्गात डोकावला असतात तर कळलं असतं."

वकिलांनी पुस्तक चाळलं आणि मान डोलावली. "खरंय. मग तुम्ही मागे झोपला होतात म्हणावं लागेल. पण शिकाऊ मुलीनं शेजारी कुणी नसताना गाडी चालवली, असा त्याचा अर्थ होईल. तिचं लायसन्स जाईल, वर्षभर दुसरं मिळणार नाही."

पुतणीला रुग्णवाहिकेवर नोकरी लागली होती, पक्कं लायसन्स दाखवायच्या अटीवर. परीक्षा सोमवारी होती.

"होऊ दे, काकू," ती खाली मान घालून म्हणाली. "शाळा तरी वाचेल."

"एका वर्षानं काय आभाळ कोसळतंय?" दीर म्हणाले.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोटच्या पोरीला हा माणूस असा पुढे करतोय, आणि तेही आपल्यासाठी!

"मी प्यायले. कुणी नाक दाबून पाजली नाही," त्या कडाडल्या. "दोन ग्लासांनी काय होतं ते जगाला सांगत फिरले, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा म्हटलं, मला काय होतंय! टॅक्सी करायची अक्कल सुचली नाही. करावं तसं भरावं. माझं उष्टं पोरीच्या ताटात वाढायचं नाही."

"वहिनी, ही शाळा दादानं उभी केली. तो असता तर..."

"तर त्यांनी आधी तुम्हाला बाहेर काढलं असतं."

वकिलांनी पुस्तक मिटलं.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"कबूल. गाडी मीच चालवत होते. मुलगी शेजारी होती, पूर्ण शुद्धीत. तेवढं नीट लिहून घ्या, साहेब, हवालदार विसरलेत."

वकील म्हणाले होते तेवढीच शिक्षा झाली. शिकवायचा परवाना टेबलावर ठेवताना मात्र बाईंना रडू फुटलं. एकवीस वर्षं तो त्यांच्या पर्समध्ये होता. त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि ताठ मानेनं बाहेर पडल्या. दीर आधीच निघून गेले होते.

पुतणी म्हणाली, "काकू, सोमवारी माझ्याबरोबर येशील ना?"

"येणार. पण बसनं."

बसथांब्यावर रांग होती. रांगेतल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं त्यांना ओळखलं. त्याला सगळं ठाऊक होतं, ते त्याच्या ओठांवरच्या हसण्यातच दिसत होतं.

"अरेच्चा, बाई! तुम्ही आणि बसनं?"

"हो," बाई म्हणाल्या, रांगेच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात. "दारू पिऊन गाडी चालवली. सहा महिने लायसन्स बंद. आणखी काही विचारायचंय?"