तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर

जिन्यात चपला. सव्वीस जोड, आणि एक एकटीच.

फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या शेजारी, इन्सुलिनच्या चार बाटल्या. एकीचंही सील फोडलेलं नाही.

जळालेली मोटार आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना.

"एक म्हणजे आलोय. दोन म्हणजे हो. तीन म्हणजे नको."

ताईच्या पायाच्या करंगळीशेजारी एक फोड. "चप्पल चावली रे," ती म्हणाली.

*

मामा दारातच उभा राहिला, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती. खोली त्याच्या भाच्याची, ताईच्या मुलाची. त्याला घरात सगळे भिंगरी म्हणायचे. एका जागी बसणं त्याला ठाऊक नव्हतं. रस्ता ओलांडताना ट्रकखाली गेला, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. आता त्याच्या पलंगावर शेजारच्या काकू, शिंपी, शिंप्याची सासू आणि कोण कोण दाटीवाटीने बसले होते. टेबलावर त्याचं रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर, दीड हात लांब, पाती काढून ठेवलेली. त्यामागे कानबाबा. मेलेल्यांचं त्यांना ऐकू येतं, म्हणून कानबाबा. जिवंतांचं ऐकून घ्यायची सवय त्यांना नव्हती.

"बघा! पाती नाहीत, भोंगा नाही, स्पीकर नाही!" कानबाबांनी हात फिरवला. "मग बोलतं कोण? लोखंड बोलतं का? आत्मा ही वीज आहे, माउली, आणि वीज हाच आत्मा आहे!"

'मग माझ्या दुकानात महिन्याला पन्नास आत्मे जळतात,' मामाच्या मनात आलं. जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून रिवाइंड करणं हाच त्याचा तीस वर्षांचा धंदा. पण समोर ताई बसली होती, हात जोडून, चेहरा दिव्यासारखा उजळलेला. भाचा गेल्यापासून तो चेहरा त्याने पाहिला नव्हता.

कानबाबांनी एक, दोन, तीनचा अर्थ सगळ्यांना पुन्हा सांगितला, रिमोट रुमालाखाली झाकला आणि बॅटरी जोडली.

"बाळा, आलास का?"

टीं.

शिंप्याच्या सासूने डोळ्यांना पदर लावला.

"आईची आठवण येते?"

टीं टीं.

"आईने त्या सुया टोचून घ्याव्या—"

टीं टीं टीं.

"नको म्हणतो!" काकू ओरडल्या. "किती काळजी पोराला!"

"आता निरोप द्या, माउली," कानबाबा म्हणाले. ताईने रुमालाखाली हात घातला, रिमोटवरची दांडी हळूच खाली ओढली, जशी झोपलेल्या पोराच्या अंगावर चादर ओढावी. आवाज थांबला.

मामाला एकच गोष्ट खटकली. तिसरा प्रश्न अजून पुरा झाला नव्हता, आणि उत्तर येऊन गेलं होतं.

*

स्वयंपाकघरात.

"ताई, इन्सुलिन कधीपासून बंद?"

"सहा आठवडे झाले. बाबांचं तीर्थ घेते."

"अकरा वर्षं घेत होतीस ना गं?"

"अकरा वर्षं डॉक्टर सांगत होता. आता माझा मुलगा सांगतोय. कुणाचं ऐकू?"

"सुरुवात कशी झाली याची?"

"मीच केली. त्याची खोली आवरताना वाटलं, एकदा चालू करून बघावं. बॅटरी जोडली तर आवाज. मी काकूंना सांगितलं, काकूंनी बाबांना आणलं." तिने ओट्यावरचं तीर्थाचं भांडं झाकलं. "अरे, तू आलास की मला भीती वाटते. तू सगळं उघडून बघतोस."

*

भिंगरीने जिथून हेलिकॉप्टर घेतलं, त्या दुकानदाराने कपाळाला हात लावला. "अहो मामा, प्रत्येक खोक्यात कागद असतो की!"

पण खोक्यात कागद नव्हता. पहिल्याच दिवशी 'खोली शुद्ध करताना' कानबाबांनी तो उचलला होता. दुकानदाराने झेरॉक्स दिली. मोटारीचा वेग ठरवणाऱ्या डबीचा, स्पीड कंट्रोलरचा, तो कागद होता:

*रिमोटची वेगाची दांडी वर ठेवून बॅटरी जोडल्यास सेटिंग सुरू होते. एक टीं: बॅटरीचा प्रकार. दोन टीं: हळू सुरुवात. तीन टीं: झटक्याने सुरुवात. हवे ते सेटिंग वाजताच दांडी खाली आणावी. ते कायम होते.*

मामाने कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना तो दुकानाच्या पायरीवर खाली बसला.

*

पुढच्या रविवारी दुपारी पुन्हा तीच गर्दी.

"बाबा, आज मी विचारू का? मी मामा आहे त्याचा."

"श्रद्धेने विचारा!"

मामाने रुमाल उचलून खिशात टाकला. दांडी वर होती, सगळ्यांना दिसली. त्याने बॅटरी जोडली.

"आपलं नाव काय?"

टीं.

"शिंप्याने काकूंचं ब्लाउज बिघडवलं, खरं ना?"

टीं टीं.

"अहो!" शिंपी म्हणाला. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"कानबाबांनी आज जेवावं का?"

टीं टीं टीं.

आता सगळेच हसले. कानबाबा उठले. "हा आत्म्याचा अपमान आहे! श्रद्धा नसेल तिथे तो थांबत नाही!"

"थांबतो की. बॅटरी असेपर्यंत थांबतो." मामाने बॅटरी काढून पुन्हा जोडली. टीं. तो ताईकडे वळला, आणि त्याचा आवाज बदलला. "भिंगरी, आईने इन्सुलिन घ्यावं ना?"

टीं टीं.



"प्रश्नाला उत्तर येत नाही, ताई. उत्तरं आधीच ठरलेली आहेत. एक, दोन, तीन, याच क्रमाने. हे गृहस्थ त्यांच्यावर प्रश्न चिकटवतात. इन्सुलिन कायम तिसऱ्या जागी." त्याने कागद शिंप्याच्या हातात दिला, शिंप्याने मोठ्याने वाचला. "आणि स्पीकर लागतच नाही. डबी मोटारीच्या तारांना बारीक झटके देते, मोटार थरथरते, तोच आवाज. बोट ठेव इथे."

तिने मोटारीवर बोट ठेवलं, त्याने बॅटरी पुन्हा जोडली. टीं. टीं टीं. टीं टीं टीं. बोट थरथरलं. तिने ते चटका बसल्यासारखं मागे घेतलं नाही. तसंच ठेवलं, आवाज संपेपर्यंत.

कानबाबा जिन्याने उतरत होते. मागोमाग शिंपी विचारत होता, "आणि माझ्या वडिलांचं जे सांगितलंत, ते कुठल्या कागदावरचं हो?"

*

सगळे गेल्यावर.

"म्हणजे तो एकदाही आला नाही."

"नाही."

"यात त्याचं काहीच नव्हतं?"

एक लहानसं खोटं मामाच्या ओठांवर होतं. नव्हतं, असं म्हटलं की झालं. ती निजली असती. पण सोयीचं खोटं सांगणारा एक माणूस आत्ताच जिना उतरून गेला होता, आणि त्याची जागा घ्यायची मामाला इच्छा नव्हती.

"होतं," तो म्हणाला. "गेला त्याच्या आदल्या दिवशी त्याने मला फोन केला होता. 'मामा, हळू सुरुवात बसवली. आता झटका देत नाही, बघ तू.' नंतर दांडी पुन्हा वरच राहिली होती, म्हणून तुला आवाज आला. ते सेटिंग डबीत होतं. त्याने स्वतः ठरवलेलं."

"होतं?"

"तिसऱ्या आवाजानंतर दांडी खाली ओढली की झटक्याची सुरुवात कायम होते. पहिल्याच बैठकीत त्याचं पुसलं गेलं."

ताईने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. निरोप तिनेच दिला होता, सहा रविवार.

"परत बसवता येईल?"

"दोन मिनिटांत. पण ते मी बसवलेलं असेल."

ती रडली नाही. उठली, लंगडत फ्रिजपर्यंत गेली, आणि बाटलीचं सील तिच्याने फुटेना म्हणून मामाने फोडलं. मग दोघे डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने मोजा काढायला सांगितला आणि पाय पाहून सर्जनला फोन लावला.

*

आपलं माणूस गेलं की कान आसुसतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण आवाज आला तर तो कुठून आला ते आधी बघा. यंत्र माहीत असणाऱ्याला विचारा, तोच प्रश्न उलटसुलट करून विचारा. आणि जो कोणी, जिवंत किंवा मेलेला, औषध बंद करायला सांगेल, त्याचं डॉक्टरला विचारल्याशिवाय ऐकू नका. तुमच्यावर माया करणारा माणूस तुम्हाला मरायला सांगत नाही.

पहिल्या बैठकीच्या आदल्या दिवशी ताईची उपाशीपोटी साखर एकशे अठरा होती आणि दोन्ही पायांची दहाही बोटं शाबूत होती.