फाटकावरची पाटी

"बागेच्या त्या फाटकावर पाटी नव्हतीच," नगर परिषदेचा वकील चौकशीत म्हणाला, आणि व्हर्ना कोल्स्टाडच्या हातातली कॉफी मांडीवर सांडली.

पाटी होती. सोमवारी सकाळी तिनंच ती काढली होती. "रंग उडालाय, नवी लावू," असं नगर प्रशासक प्रूएट म्हणाला होता. शहराच्या बागांतलं गवत कापण्यात तिचा जन्म गेला. साहेब काढ म्हणाला, तिनं काढली.

त्याआधीच्या शनिवारी याच बागेत पोरांचा बेसबॉलचा सामना होता. नगरसेवक रॉयस टिलरीचा नातू बाद झाला. बाद देणारा अंपायर ओडेल मॅब्री, निवृत्त बसड्रायव्हर. "स्ट्राइक!" म्हणून त्याचा हात असा वर जायचा की रस्त्यावरच्या गाड्यांनाही कळावं. टिलरी मैदानात उतरला, शर्ट वर केला आणि कमरेचं पिस्तूल ओडेलला दाखवलं. पोरांदेखत.

फाटकावर 'बंदुकीस मनाई' अशी पाटी असेल तर गुन्हा, नसेल तर नाही, असा तिथला कायदा. कायदा करणारेच त्याला भोक ठेवतात, आणि वेळ आली की त्यातूनच निसटतात.

"मी बोलते," व्हर्ना कुजबुजली.

शेजारी बसलेल्या ओडेलनं तिची बाही धरली. "गप बस गं. पेन्शन तोंडावर आलीय तुझी. माझ्यापायी घालवू नकोस."

"तुझ्यापायी नाही. पाना माझ्या हातात होता."

ती माईकपाशी गेली. रिवाजाप्रमाणे नाव सांगितलं, पत्ता सांगितला. मग म्हणाली, "पाटी होती. सोमवारी मी काढली. प्रूएटसाहेबांनी सांगितलं म्हणून."

टिलरी मंचावरच बसला होता, स्वतःच्याच चौकशीला! तो हसला. "व्हर्ना, उन्हात गवत कापून डोकं तापलंय तुझं. घरी जा, बर्फ ठेव."

"डोकं शाबूत आहे, रॉयस. शर्ट वर कर, लोकांना बघू दे आज काय खोचून आलायस."

मागं कोणीतरी खुदकन हसलं. प्रूएट मात्र कागदातून डोकं वर काढेना. अध्यक्षानं हातोडी आपटली, "वेळ संपली," आणि माईक बंद झाला. वेळ संपली नव्हती. मत झालं: टिलरी निर्दोष. विरोधात एकही हात नाही. एकही नाही!

दुसऱ्या दिवशी व्हर्नाकडून बागेच्या किल्ल्या काढून घेतल्या. सरकारी मालमत्ता परवानगीशिवाय हलवली, म्हणे.

शनिवारी ती साध्या कपड्यांत येऊन बाकावर बसली. मैदानावरच्या चुन्याच्या रेघा कुणी नवख्यानं वाकड्या मारल्या होत्या. ओडेल अंपायरचा मुखवटा चढवून उभा होता. खेळायला टिलरीचा नातू. आजोबा जाळीला टेकून, शर्ट बाहेर सोडलेला. पोराचे दोन स्ट्राइक झालेले. आणखी एक, की बाद.

चेंडू सरळ, मधोमध आला. पोरानं बॅट हलवलीच नाही. असा चेंडू सोडला, तरी स्ट्राइकच.

ओडेलचा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला.

"बॉल," तो म्हणाला.

म्हणजे चेंडू बाहेरचा; पोर वाचलं.

"ओडेल," व्हर्ना बाकावरून म्हणाली, "स्ट्राइक होता तो."

त्यानं वळून पाहिलं नाही. खिशातला छोटा ब्रश काढला, वाकला, आणि पोराच्या पायापाशी जमिनीत बसवलेली, आधीच स्वच्छ असलेली पांढरी पाटी झाडत राहिला.